निर्बंधांनी साथ खरंच आटोक्यात आली का? ठाणे-नवी मुंबईचे आकडे स्वतः तपासायचे असतील तर

'लॉकडाऊन लागला म्हणून रुग्ण कमी झाले' आणि 'लॉकडाऊनचा काडीचाही उपयोग झाला नाही' ही दोन्ही वाक्यं ठाण्यात २०२० पासून सारख्याच ठामपणे ऐकू येतात. गंमत म्हणजे दोन्ही पक्षांच्या हातात बहुतेक वेळा एकच आलेख असतो. ज्यांना यातली बाजू घेण्याआधी स्वतः तपासून बघायचं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. एक स्प्रेडशीट, रोज थोडा वेळ देण्याची चिकाटी आणि सरकारी मराठी न कंटाळता वाचण्याची सवय एवढं पुरतं. (यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड.) सराव कोविडच्या जुन्या आकड्यांवर करा. नवी साथ आली की शिकायला उसंत मिळत नाही, तेव्हा पद्धत आधीच हातात बसलेली असावी.

आधी हद्द पक्की करा

नव्या माणसाची पहिली ठेच इथेच लागते. ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर. त्याशिवाय अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा, शहापूर-मुरबाडच्या नगरपंचायती आणि उरलेला ग्रामीण भाग. नवी मुंबई महापालिका कोविडच्या काळात दिघा ते बेलापूर एवढीच होती. खारघर, कामोठे, कळंबोली आपण बोलताना सर्रास नवी मुंबईत धरतो, पण ते पनवेल महापालिकेत येतात आणि जिल्हा रायगड. हार्बर लाइनवर बेलापूरनंतरचं स्टेशन खारघर, पण मधे आयुक्त बदलतो, जिल्हाधिकारी बदलतो आणि आदेशही वेगळा निघू शकतो.

राज्याच्या आरोग्य विभागाचं कोविडकाळातलं रोजचं पत्रक उघडलंत की 'ठाणे मंडळ' या शीर्षकाखाली मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांच्या ओळी दिसतील. त्यात 'ठाणे' अशी एक ओळ आणि 'ठाणे मनपा' अशी दुसरी. घोडबंदर रोडवर राहणारा माणूस पहिली ओळ स्वतःची समजून उचलतो. ती असते महापालिका वगळून उरलेल्या जिल्ह्याची. शहराचा आकडा 'मनपा'च्या ओळीत असतो. उलट 'कोविड१९इंडिया' या स्वयंसेवकांच्या संचात (त्यांनी ३१ ऑक्टोबर २०२१ ला काम थांबवलं, जुना साठा अजून मिळतो) आकडे जिल्ह्याचे आहेत. तिथे 'ठाणे' म्हणजे नवी मुंबई, कल्याण, भिवंडी सगळं एकत्र. त्या आकड्यांवर ठाणे शहराच्या आयुक्तांचा आदेश तपासायला बसलात तर उत्तर काहीही येईल.

म्हणून स्प्रेडशीटच्या पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहा: मी कुठल्या हद्दीचा आदेश तपासतोय, आणि आकडे त्याच हद्दीचे आहेत का. हे जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

आदेशांची वही

बहुतेक जण रुग्णसंख्येपासून सुरुवात करतात. मी उलट सांगेन: आधी आदेश लावा. आकडे नंतरही मिळतात, आदेशांच्या पीडीएफ मात्र संकेतस्थळ बदललं की गायब होतात. हाती आला की उतरवून घ्या आणि फाइलच्या नावात तारीख घाला.

महाराष्ट्राने १३ मार्च २०२० ला १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. त्यापुढचे आदेश हा कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधाराने निघाले. वरून केंद्राच्या सूचना, त्याखाली मुख्य सचिवांच्या सहीचा राज्याचा आदेश, त्याखाली जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्तांचा. खालचा अधिकारी बऱ्याचदा वरच्यापेक्षा कडक नियम करतो. त्यामुळे राज्याच्या एका आदेशावर भागत नाही.

हे आदेश वाचायची एक युक्ती आहे. 'ज्याअर्थी' ने सुरू होणारे परिच्छेद भराभर ओलांडा, तिथे फक्त कारणं असतात. 'त्याअर्थी' आलं की पेन हातात घ्या. आणि सगळ्यात नीट वाचायचं ते 'वगळून' या शब्दाच्या आसपासचं, कारण टाळेबंदी किती खरी होती ते अपवादांच्या यादीवरून कळतं.

वहीतली एक ओळ नमुन्यादाखल. आदेश काढणारे: आयुक्त, ठाणे महापालिका. अंमल सुरू: २ जुलै २०२०, सकाळी ७. अंमल संपणार: १२ जुलै, सकाळी ७. क्षेत्र: संपूर्ण मनपा हद्द. काय बंद, काय वगळलं: इथे आदेशातलेच शब्द. पुढची ओळ: मुदतवाढ, १९ जुलैपर्यंत. मुदतवाढीला नेहमी वेगळी ओळ द्या, जुनी ओळ खोडून तारीख बदलू नका. लोकांना १२ तारखेपर्यंत काय माहीत होतं आणि नंतर काय कळलं, हा फरक पुढे उपयोगी पडतो. घोषणा कधी झाली आणि अंमल कधी सुरू झाला हेही दोन वेगळे रकाने. मधल्या दिवसांत बाजारात काय गर्दी उसळते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि ती गर्दीही त्या आदेशाचाच परिणाम आहे.

बंदी लिहिणारे सगळेच असतात, सूट लिहायला विसरतात. ३१ मे २०२० च्या आदेशाने 'पुनश्च हरिओम' म्हणत टप्प्याटप्प्याने व्यवहार सुरू झाले, ते टप्पे वहीत हवेत. लोकलचं तर स्वतंत्र पान करा: १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना, २१ ऑक्टोबरपासून महिलांना, १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सगळ्यांना, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, मग १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना. ठाणे आणि वाशीहून रोज मुंबई गाठणाऱ्यांच्या बाबतीत कुठल्याही दुकान-बंदीपेक्षा हे पान जास्त बोलकं आहे. वही थांबते २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, जेव्हा राज्याने सगळे निर्बंध उठवले.

छोट्या जागेपुरते आदेशही सोडू नका. वाशीचं एपीएमसी मार्केट (कृषी उत्पन्न बाजार समितीचा घाऊक बाजार) ११ ते १७ मे २०२० बंद होतं. कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला, धान्य, पाचही बाजार. त्याचा परिणाम नवी मुंबईच्या एकूण आलेखात शोधू नका, तो दिसायचा तर तुर्भे-वाशीच्या विभागवार आकड्यांत दिसेल. शिवाय मार्केटमध्ये येणारे ट्रकवाले, माथाडी, किरकोळ विक्रेते राहतात कुठे कुठे. बाधा मार्केटात झाली तरी रुग्ण मोजला जातो त्याच्या घरच्या पत्त्यावर.

कडकपणाला गुण द्यावेत का? ऑक्सफर्डच्या गटाने जगभरातल्या सरकारांसाठी ० ते १०० असा निर्देशांक केला होता, त्यात भारतातली राज्यंही होती. तो जरूर पाहा, पण तो कागदावरचे नियम मोजतो, नाक्यावर पोलीस उभा होता की नाही हे नाही. आपल्या कामापुरती दुकानं, कार्यालयं, वाहतूक, समारंभ आणि शाळा अशा पाच बाबींना प्रत्येकी ० ते ३ गुण पुरेत. त्यांची बेरीज करून एकच आकडा मात्र करू नका. शाळा बंद आणि लग्नं जोरात, हे चित्र बेरजेत हरवतं.

रुग्णांचे आकडे घेताना

सोमवारचा आकडा खाली येतो कारण रविवारी चाचण्या कमी होतात. म्हणून रोजचा आकडा कधीच वापरू नका, सात दिवसांची सरासरी घ्या. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रोजच्या आकड्याची बातमी होते.

मृत्यूंच्या बाबतीत जास्त सावध राहा. १६ जून २०२० ला राज्याने आकड्यांचा ताळमेळ लावताना आधीचे १,३२८ मृत्यू एकदम नोंदवले, त्यातले ८६२ मुंबईचे. ज्याने ते 'आजचे मृत्यू' म्हणून आलेखात टाकले, त्याचा आलेख त्या दिवशी डोंगरासारखा उभा राहिला. राज्याच्या पत्रकाखालच्या बारीक मजकुरात मृत्यूंची फोड दिलेली असायची: इतके गेल्या ४८ तासांतले, इतके गेल्या आठवड्यातले, बाकीचे त्याआधीचे. टीप वाचल्याशिवाय आकडा उचलायचा नाही.

वाढीचा वेग काढायला सोपी रीत पुरते. या आठवड्याचे नवे रुग्ण भागिले गेल्या आठवड्याचे. समजा ८०० चे १,००० झाले. गुणोत्तर १.२५, म्हणजे याच गतीने सुमारे २२ दिवसांत दुप्पट. एका माणसाकडून दुसऱ्याकडे बाधा जायला सरासरी पाच दिवस धरले तर एक रुग्ण सरासरी १.१७ जणांना बाधा देतोय. हा आकडा एकाच्या खाली गेला की साथ ओसरू लागली. संख्याशास्त्रासाठीची 'आर' ही संगणकभाषा येत असेल तर हेच काम 'एपिएस्टिम' हे पॅकेज जास्त शास्त्रशुद्ध करतं, पण आधी चार आठवडे हाताने करा. आकडा कशामुळे हलतो ते तेव्हाच कळतं.

चाचण्यांचा घोळ

या भागात घाई नको, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथूनच निघतात.

एक काल्पनिक उदाहरण. एका शहरात या आठवड्यात २,००० आरटी-पीसीआर चाचण्या झाल्या, ३०० बाधित निघाले. बाधित दर, म्हणजे दर शंभर चाचण्यांमागे सापडलेले बाधित, १५ टक्के. पुढच्या आठवड्यात तेवढ्याच आरटी-पीसीआर, तेवढेच ३०० बाधित. पण सोबत महापालिकेने मार्केटात, नाक्यांवर, सोसायट्यांत ३,००० अँटीजेन चाचण्या केल्या, त्यात १५० सापडले. आता बाधित ४५०, म्हणजे रुग्ण दीडपट. आणि बाधित दर ४५० भागिले ५,०००, म्हणजे ९ टक्के. एकाच आठवड्यात विरोधक म्हणणार साथ भडकली, प्रशासन म्हणणार दर घटला. आणि साथ? होती तिथेच असू शकते.

हे केवळ कागदी उदाहरण नाही. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्यात पाच स्तर आले. बाधित दर आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या, यावर कुठे काय उघडायचं ते ठरणार होतं. दर ५ टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या तर पहिला स्तर. दर २० टक्क्यांच्या वर किंवा खाटा ७५ टक्क्यांहून जास्त भरलेल्या तर पाचवा. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका यात स्वतंत्र घटक धरल्या होत्या, ठाणे आणि नवी मुंबईही त्यात होत्या. म्हणजे बाधित दर हे नुसतं मोजमाप राहिलं नाही, दुकानाचं शटर त्यावर ठरू लागलं. अशा वेळी अँटीजेन वाढवून दर खाली आणता येतो. पुढे २५ जूनच्या आदेशात राज्याने दर फक्त आरटी-पीसीआरवरच धरायचा असं स्पष्ट केलं, ते या दृष्टीने वाचा. खाटांचंही तसंच: दहा खाटा वाढवल्या की टक्केवारी आपोआप उतरते.

त्यामुळे चाचण्यांचे रकाने दोन ठेवा, आरटी-पीसीआर वेगळा, अँटीजेन वेगळा. जिथे फोड मिळत नाही तिथे बाधित दरावरून निष्कर्ष काढू नका. रुग्णसंख्या, दर आणि रुग्णालयात दाखल झालेले, हे तिन्ही एकाच दिशेने जात असतील तेव्हाच 'वाढली' किंवा 'घटली' म्हणा.

आणि सापडलेले रुग्ण म्हणजे झालेली बाधा नव्हे, हेही डोक्यात असू द्या. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांच्या रक्ततपासणीत झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्तीतल्या सुमारे १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली होती. अधिकृत रुग्णसंख्येत याचा मागमूसही नव्हता.

तारखा मागेपुढे करा

आज बंदी घातली तर आलेखात ती आज दिसणार नाही. बाधा झाल्यापासून लक्षणं दिसायला मूळ विषाणूत सरासरी पाच-सहा दिवस लागत (ओमायक्रॉनमध्ये हा काळ तीनेक दिवसांवर आला), मग चाचणीला दोन-तीन दिवस, अहवाल आणि नोंद यांना आणखी एक-दोन. शिवाय बंदीनंतरही घरातल्या घरात बाधेची एक फेरी होतेच. म्हणून रुग्णसंख्येत परिणाम शोधायचा तो साधारण १० ते १४ दिवसांनी, मृत्यूंमध्ये तीन ते चार आठवड्यांनी.

आता दुसऱ्या लाटेवर हे लावून बघा. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून राज्यात 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध लागले. राज्यातला रोजचा उच्चांक, ६८,६३१, नोंदला गेला १८ एप्रिलला. 'बघा, चार दिवसांत शिखर आलं' असं तेव्हा सांगितलं गेलं. चार दिवसांत ते शक्य नाही. मग श्रेय ५ एप्रिलच्या निर्बंधांना आणि २८ मार्चच्या रात्रीच्या जमावबंदीला द्यायचं का? तारखा जुळतात खऱ्या. पण मुंबईने ११ हजारांच्या पुढचा आपला उच्चांक ४ एप्रिललाच गाठला होता, म्हणजे ५ तारखेचा आदेश लागण्याच्याही आधी. राज्याची बेरीज पाहिली तर एक गोष्ट दिसते, शहरं वेगळी केली तर दुसरीच.

ओमायक्रॉनचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. राज्याचे नवे निर्बंध १० जानेवारी २०२२ पासून लागले. मुंबईत २०,९७१ रुग्णांचा उच्चांक आला ७ जानेवारीला.

याचा अर्थ निर्बंध निरुपयोगी होते असा लगेच काढू नका. लोक आदेशाची वाट बघत बसत नाहीत. शेजारच्या इमारतीत रुग्णवाहिका आली की माणूस स्वतःहून घरी बसतो. म्हणून हालचालीचा एक रकाना हवाच. गुगलचे हालचालींचे अहवाल १५ ऑक्टोबर २०२२ पर्यंत निघत होते, त्यातली तुलना ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या काळाशी आहे. हालचाल आदेशाच्या आधीच घसरली असेल तर श्रेय भीतीचं. आदेशाच्या दिवशी कड्यासारखी तुटली असेल तर आदेशाचं. आदेशानंतरही हलली नसेल तर तो आदेश कागदावरच राहिला, आणि त्याचा रुग्णसंख्येवरचा परिणाम शोधण्यात वेळ घालवू नका.

शेजारी शोधा

ठाण्याने टाळेबंदी लावली नसती तर काय झालं असतं, हे कुणालाच पाहता येत नाही. त्यातल्या त्यात जवळचा पर्याय म्हणजे तसंच शहर, तोच काळ, पण टाळेबंदी नाही. जुलै २०२० त्यासाठी मोहात पाडतो. ठाण्यात २ तारखेपासून, नवी मुंबईत ३ तारखेच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी आणि पलीकडे मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबईत व्यवहार सुरू. सुरेख तुलना वाटते.

खोलात गेलं की ती विस्कटते. मुंबईची साथ आधी सुरू झाली होती आणि जुलैपर्यंत वस्त्यांमध्ये किती पसरली होती ते वर आलंच. म्हणजे मुंबई वेगळ्या टप्प्यावर होती. कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, पनवेल यांच्याशी तुलना करावी तर त्यांनीही त्याच सुमारास टाळेबंदी लावलेली. चाचण्यांचा प्रकारही त्याच काळात बदलत होता, आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) अँटीजेनला १४ जूनला मान्यता दिली होती.

आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की टाळेबंदी चिठ्ठी टाकून लागत नाही. साथ वाढते तेव्हाच ती लागते. त्यामुळे कडक निर्बंध आणि जास्त रुग्ण नेहमी जोडीने दिसतात, आणि भोळा माणूस म्हणतो निर्बंधांनीच रुग्ण वाढले. उलट, शिखराजवळ आदेश निघतो आणि शिखर तसंही उतरणारच असतं, तेव्हा प्रशासन सगळं श्रेय घेतं. यावर माझ्या मते एकच व्यवहार्य तोडगा आहे. आदेश निघाल्या दिवशी, आलेख न बघता, वहीत लिहून ठेवा: अमुक तारखेनंतर गुणोत्तर अमुकच्या खाली आलं तरच मी परिणाम मानेन. आणि ही ओळ नंतर बदलायची नाही. आदेशाआधीच्या तीन आठवड्यांतलं गुणोत्तर शेजारी मांडा. ते आधीपासूनच १.४, १.३, १.२ असं उतरत असेल, तर नंतरच्या १.१ चं श्रेय आदेशाला देताना हात आखडता घ्या.

मांडताना

आलेखावर आदेशाची उभी रेघ मारता तशी त्यानंतर १० ते १४ दिवसांचा एक फिका पट्टाही रंगवा. बघणाऱ्याची नजर आपोआप योग्य जागी जाते. खाली हद्द, आकड्यांचा उगम, चाचणीचा प्रकार आणि आकडे कुठल्या तारखेला उतरवले ते लिहा. जुने आकडे मागाहून दुरुस्त होतात, म्हणून शेवटची गोष्ट विसरू नका. 'लॉकडाऊनमुळे घट' असं शीर्षक देण्याऐवजी 'लॉकडाऊननंतर घट, त्याच काळात चाचण्यांत बदल' असं द्या. फॉरवर्ड कमी होईल, होऊ दे.

विभागवार आकडे, चाचण्यांची फोड असं काही महापालिकेने प्रसिद्ध केलं नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. 'कोविडची सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका, विभाग, महिना आणि रकाने नेमके मागा. रुग्णांची नावं, पत्ते मागू नका. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नावांसकटच्या याद्या तर उघडायच्याही नाहीत.

सरावासाठी जानेवारी २०२२ घ्या. काळ लहान, आदेश मोजके, आणि ४ डिसेंबर २०२१ ला राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण आपल्याच जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत सापडलेला. ठाणे मनपा, नवी मुंबई मनपा आणि पनवेल मनपा अशा तीन ओळी, १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी. ते जमलं की जुलै २०२० कडे वळा.